अंडी बंद होती ते दिवस

कोंबडा आरवला आणि मी अंथरुणातच रडायला लागले. नवरा दचकून उठला. "काय झालं? कुणाचा फोन आला?" मी म्हटलं, "फोन कसला! ऐक की जरा. कान फुटलेत का?" परसात आमचा कोंबडा ओरडत होता, घसा बसलेल्या भाजीवाल्यासारखा, फाटक्या आवाजात, शेवट अर्धवट सोडून. पण ओरडत होता! कितीतरी दिवस त्याच्या नरड्यातून नुसती घरघर निघत होती. समोरच्या काकूंची खिडकी धाडकन उघडली. एरवी ह्याच काकू त्या कोंबड्याला रोज सकाळी शिव्या मोजायच्या. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "आला गं बाई आवाज एकदाचा!" माझा जीव भांड्यात पडला.

आता कुणी म्हणेल, एका कोंबड्यासाठी एवढी मोठी बाई रडते कशी? तर मी कोंबड्यासाठी रडत नव्हते. त्या कोंबड्यांच्या जिवावर माझे वडील माझ्या घरात टिकून होते. कोंबड्या गेल्या असत्या तर ते गेले असते, इगतपुरीला, एकटे. ते मला पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उभा जन्म इगतपुरीत रेल्वेत गेला. रुळावरची नोकरी, ऊन नाही पाऊस नाही. रिटायर झाल्यावर वाट्याला आलेलं भाताचं एक खाचर, छोटं घर आणि कोंबड्या, एवढाच त्यांचा संसार. मी एकुलती एक. आई गेली तेव्हापासून मी रोज फोनवर भांडायचे, "आबा, इकडं नाशिकला या." ते म्हणायचे, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. मग एका पावसाळ्यात ते मोरीत पाय घसरून पडले आणि दुपारपर्यंत तसेच पडून राहिले. उठता येईना, हाक पोचेना. सकाळी खुराडं उघडलं गेलं नाही म्हणून कोंबड्यांनी आत कालवा केला, तो ऐकून शेजारीण बघायला आली, म्हणून कळलं. मी तशीच निघाले आणि त्यांना घेऊनच परत आले. गाडीत पुढे आबा, मागे डाल्यात कोंबड्या, आणि माझ्या मांडीवर पाय बांधलेला हा कोंबडा, माझ्या नव्या साडीवर नको ते करत.

आमचं घर सातपूरच्या अलीकडे, एका ओळीतलं रो-हाऊस. पुढच्या खोलीत माझं ब्लाऊज शिवायचं काम चालतं, नवरा कंपनीत शिफ्टला जातो. मागे लहानसं परस आहे, त्यात एक पेरू, एक शेवगा आणि धुण्याचा दगड. तिथं आबांनी खुराडं उभं केलं.

आबा जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं मानणारी त्यांची पिढी. त्यात जावयाच्या घरात कायमचं राहायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. पहिल्या सकाळी मी चहा पुढे ठेवला, तर कप तसाच. ते उठले, इगतपुरीहून आणलेला तांदळाचा डबा उघडला. त्यात त्यांनी अंडी पुरून आणली होती, वाटेत फुटू नयेत म्हणून. दोन काढली, स्टीलच्या वाटीत घालून माझ्या ओट्यावर ठेवली, आणि मग चहा घेतला. पुढे कोंबड्या नव्या जागेत रुळल्या, अंडी द्यायला लागल्या, आणि हा नेमच पडला. आधी वाटी, मग चहा. मला सुरुवातीला हसू यायचं. नवरा म्हणायचा, "असू दे गं. मामांना त्यानं घास गोड लागतो." आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात.

पण एक गोष्ट मला सलायची. आबांनी माझ्या घरात कधी काही मागितलं नाही. भाजीत मीठ कमी असलं तरी मीठ मागायचे नाहीत. ताटात येईल ते खायचे आणि मी "अजून वाढू?" म्हटलं की "झालं." जेवण अर्ध्यात असलं तरी "झालं." लग्नाच्या पंगतीत अनोळखी गावाचा पाहुणा कसा बसतो, तसे बसायचे माझ्या स्वयंपाकघरात. आणि बंडीच्या खिशात इगतपुरीच्या घराची किल्ली. अंघोळीला जातानासुद्धा ती खुंटीवर नाही, खिडकीच्या कट्ट्यावर, हाताशी.

तर त्या कोंबड्यांत एक काळी होती. ती खुडूक झाली. खुडूक म्हणजे जिला अंड्यांवर बसायचंच असतं, अंडी असोत नसोत, पंख फुलवून बसून राहते आणि जवळ गेलं की टोचते. आबांच्या गावाकडे रीत अशी की, ज्याच्या घरी अंडी आहेत पण खुडूक नाही, त्यानं दुसऱ्याची खुडूक मागून न्यायची. पिल्लं निघाली, जरा पंखाला आली, की कोंबडी परत करायची, आणि सोबत एक-दोन पिल्लं. खुडूक मागितली तर नाही म्हणायचं नसतं. दोन गल्ल्या सोडून एक मावशी राहतात, दोन म्हशी आहेत, आमच्याकडे दूध त्याच घालतात. त्यांनी एका सकाळी विचारलं आणि आबांचा चेहरा असा काही उजळला, की जणू नाशिकनं त्यांना आज ओळख दाखवली. काळी मावशींकडे गेली.

ती परत आली ती ऐन थंडीत. सांज होत आली होती, मावशी पदराखाली काळीला आणि दोन पिल्लांना घेऊन आल्या, चहा घेतला, गेल्या. परत आलेली कोंबडी अंधार पडायच्या सुमारासच खुराड्यात सोडायची असते. बाकीच्या पेंगलेल्या असतात. सकाळी डोळे उघडतात तर ही शेजारी बसलेली, मग त्या भांडत नाहीत. आबा तिला आत सोडत होते आणि मी दारातून बघत होते.

"आबा, ती शिंकतेय."

"थंडी हाय गं."

"एक दोन दिवस वेगळी ठेवा ना. डाल्याखाली, पेरूजवळ."

आबा वळले, माझ्याकडे असं बघितलं की बस्स. "लेक माहेराला आली, तर तिला वट्यावर निजवायची का?"

आता मी काय बोलणार? मीच लेक! मी हसून आत गेले, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरूनही गेले.

थोड्याच दिवसांत खुराड्यातून शिंका यायला लागल्या. एक शिंकली की दुसरी. मग घरघर, झोपलेल्या माणसासारखी. एका सकाळी ठिपकेवालीचा एक डोळा बंद, कोपऱ्यात साबणासारखा फेस, गाल सुजून टम्म. नाकातून चिकट पाणी, आणि त्याला वास, अगदी नाक फिरवायला लावणारा. कोंबडा तोंड उघडून श्वास घेत होता. मावशींनी दिलेल्या पिल्लांतलं एक सकाळी उठलंच नाही.

आबांचं धाबं दणाणलं ते मानमोडीच्या भीतीनं. मानमोडी म्हणजे कोंबड्यांची मान वळते आणि त्या पटापट मरतात तो रोग. इगतपुरीत त्यांनी एकदा आळीच्या आळी खुराडी रिकामी झालेली बघितली होती. ते दर तासाला परसात जाऊन एकेका कोंबडीची मान बघायचे, वळतेय का. "मान सरळ हाय," येऊन मला सांगायचे. थोड्या वेळानं परत तेच. त्यांनी लसूण ठेचली, हळदीत घोळवली, गोळ्या करून प्रत्येकीच्या चोचीत घातल्या. उरलेली लसूण पाण्याच्या पत्र्याच्या पाटीत टाकली आणि सगळ्यांना त्याच पाटीत प्यायला सोडलं, आजारी आणि धडधाकट, सगळ्या एकाच पंगतीला. थंडी लागू नये म्हणून खुराड्याला चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं. माझी गिऱ्हाइकं ब्लाऊजचं माप देता देता विचारायला लागली, "काय हो ताई, लोणचं घातलंय का लसणाचं?"

समोरच्या काकूंनी मात्र एकदम बर्ड फ्लूच काढला. टीव्हीवर बघितलेलं सगळं मला गेटवर उभं करून ऐकवलं. "सगळ्या मारून खड्ड्यात पुरतात म्हणे. तुमच्यामुळे अख्ख्या कॉलनीला त्रास. त्यापेक्षा आत्ताच कापून मोकळ्या व्हा, नाहीतर बाजारात नेऊन विका, कुणाला कळतंय?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "काकू, तुमच्या घरात कुणाला खोकला झाला की तुम्ही बाजारात नेता का?" त्या नाक मुरडून आत गेल्या. पण आत आल्यावर मलाच धास्ती वाटायला लागली. खरंच बर्ड फ्लू असला तर? आबा मागून ऐकत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "आजारी कोंबडी दुसऱ्याच्या खुराड्यात नाय घालायची. मेल्या तर इथं मरतील."

नवरा फर्स्ट शिफ्ट करून आला तो न जेवता सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई स्कूटीवर आल्या, मास्क, हातमोजे, पायात प्लास्टिकच्या पिशव्या. काकूंची खिडकी अर्थातच उघडी. बाईंनी आधी ते प्लास्टिक टराटरा फाडलं. "आत दमट होतंय सगळं! श्वास कोंडतोय त्यांचा!" मग पाटी बघितली. "सगळ्या हेच पाणी पितात?" आबा मान खाली घालून उभे. बाईंनी ठिपकेवालीचा गाल दाबला, वास घेतला, कोंबड्याच्या पंखाखाली कान लावला. म्हणाल्या, "वासावरून कोरायझा वाटतो. म्हणजे कोंबड्यांची सर्दीच, पण भराभर पसरणारी. मानमोडी नाही वाटत."

"आणि बर्ड फ्लू?" मी विचारलं.

"तसं दिसत नाही. पण नुसतं बघून मी सांगणार नाही. नमुना पाठवते. रिपोर्ट येईपर्यंत ह्या परसातून एकही कोंबडी बाहेर जाणार नाही, एकही आत येणार नाही." मग त्यांनी विचारलं, नवीन कोंबडी कुठली आणली होती का. आबांनी काळीचं सांगितलं. "आणि आल्या आल्या आत सोडली?" आबांनी मान हलवली. "आजोबा, कोरोनात बाहेरून गावात माणूस आला की त्याला कुठं ठेवायचे?"

"शाळेत," आबा म्हणाले. "पोटचं पोर असलं तरी शाळेत."

"मग कोंबडीला शाळा का नाही?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. जीभ वळवळत होती, पण नाही बोलले.

मग बाईंनी कामं सांगितली. आजारी त्या वेगळ्या, पेरूखाली. पाण्याची भांडी वेगळी, रोज घासायची, सगळ्यांच्याच पाण्यात औषधाची पूड. खालचा भुसा जाळून टाकायचा, जमिनीला चुना. आधी धडधाकट कोंबड्यांचं करायचं, मग आजाऱ्यांचं, आणि परसातल्या चपला परसातच. जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "आणि हो, अंडी बंद. औषध चालू आहे तोवर, आणि नंतरही मी सांगेपर्यंत. औषध अंड्यात उतरतं. खायची नाहीत, कुणाला द्यायची नाहीत, पुरून टाकायची."

हे शेवटचं माझ्या एका कानानं आत गेलं आणि दुसऱ्यानं बाहेर. मला वाटलं, अंड्यांचं काय एवढं, चार दिवस नाही खाल्ली तर मरणार आहोत थोडेच.

मी त्याच पावली मावशींकडे भांडायला निघाले. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. तिथं पोचले तर मावशींचं खुराडं उघडं, आत एक कोंबडी गाल सुजवून बसलेली, बाकी काही नाही. बाजारातून त्यांनी एक नवी कोंबडी आणली होती, तिच्यापासून सुरू झालं. "माझी सगळी पिल्लं गेली गं," म्हणाल्या. "काळी तेवढी नीट दिसली म्हणून परत आणून दिली. तुमच्याकडे शिंकायला लागली तेव्हा सांगायला तोंड नव्हतं." सगळी वाक्यं माझ्या घशातच राहिली. मी त्यांना चार शब्द सुनवले नाहीत असं नाही, दोन सुनवलेच. मग फोन लावून डॉक्टरीणबाईंना त्यांच्याकडेही यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला आणि हाक मारली, "आबा, चहा!" परसातून आवाज आला, "घेतला." मी म्हटलं, कुठं? तर कोपऱ्यावरच्या टपरीवर. मला वाटलं, कोंबड्यांमुळे लवकर उठले असतील, थंडी वाजली असेल. जेवायला अर्धी भाकरी आणि "झालं." रात्रीही तेच. मग तर भूकच नाही म्हणायला लागले. गाल आत गेले. मी कपाळाला हात लावून ताप बघितला, नव्हता. म्हटलं, कोंबड्यांचं आबांना लागलं की काय? डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या माणसाला नाही लागत हे.

नवऱ्यानं ओळखलं. तो जेवत होता, हात थांबवून ओट्याकडे बघत म्हणाला, "ती वाटी बघ."

ओट्यावर आबांची अंड्यांची वाटी होती. स्वच्छ घासून, पालथी घातलेली.

"त्यांच्याकडे द्यायला काही नाही गं," तो म्हणाला. "म्हणून घेत नाहीत."

मी पेटलेच. तशीच परसात गेले. आबा पेरूच्या बुंध्याशी फावड्यानं खड्डा करून त्या दिवसाची अंडी पुरत होते. जपून ठेवत होते एकेक, फुटू नये म्हणून, पुरायचीच होती तरी. मी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आबा, मी काय खानावळ काढलीय? अंडं दिलं तर ताट मिळेल, असा बोर्ड लावलाय मी दारावर?"

"तसं नाय गं."

"मग कसं?"

"लेकीच्या घरी बसून खायचं व्हय?" त्यांनी माती सारखी केली. माझ्याकडे बघत नव्हते. बंडीच्या खिशावरून हात फिरवला, किल्लीवरून. "ह्या नीट होऊ दे. मग घेऊन जातो इगतपुरीला. नाय झाल्या नीट, तरी जातो. मला इथं काय काम?"

मी खूप बोलले. तोंडाचा पट्टा सुरू झाला की माझा मलाच आवरत नाही. आईला मध्ये आणलं, मोरीत पडले होते ते काढलं, तुम्ही तिकडं एकटे पडलात तर मी इथं मशीनवर बसून ब्लाऊज शिवत असेन आणि मला कळणारसुद्धा नाही, हेही म्हणाले. मग आवाज फुटला आणि रडले. आबा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुझं गिऱ्हाईक आलंय बघ." खरंच आलं होतं.

रिपोर्टचा फोन आला तेव्हा मी अशाच एका गिऱ्हाइकाच्या पाठीवर टेप धरून उभी होते. बर्ड फ्लू नव्हता. कोरायझाच होता. मी त्या बाईला मिठी मारली! बिचारीला काही कळेना. मग गेटवर जाऊन मी मुद्दाम काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात आबांना सांगितलं, "सर्दी आहे नुसती, सर्दी!" त्या रात्री मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले. निम्मं ओझं उतरलं होतं. उरलेलं निम्मं परसात, खिशात किल्ली घेऊन बसलं होतं.

रविवारी नवऱ्यानं सुट्टी बघून परस काढायला घेतलं. जुना भुसा भरला, जाळला, बादलीत चुना कालवला, आणि चड्डी-बनियनवर खाली बसून खुराड्याची घाण खरवडायला लागला. आबांना ते बघवेना. जावयानं कोंबड्यांची विष्ठा काढायची! ते धावत आले, खराटा ओढायला लागले. "जावईबापू, सोडा. सोडा वो. लोक काय म्हणतील?" शेवटी ते तिथंच धुण्याच्या दगडावर बसले. मी आत मिरची कुटत होते, खिडकी उघडी होती.

माझा नवरा बोलका माणूस नाही. लग्नापासून मी दोघांच्या वाटचं बोलत आलेय. तो चुना फासता फासता म्हणाला, "मामा, लॉकडाऊनमध्ये आमची कंपनी बंद होती, आठवतं?"

"आठवतं की."

"दर महिन्याला टेम्पोवाल्याच्या हाती इगतपुरीचा तांदूळ यायचा. आम्ही तोच खात होतो. मला पगार नव्हता. मी रोज दोन वेळा तुमचा भात जेवत होतो, पोट भरून, वरून मागून घेऊन." त्यानं ब्रश चुन्यात बुडवला. "मी तुम्हाला तेव्हा काय देत होतो?"

आबा दगडावर सांडलेला चुना नखानं खरवडायला लागले.

"मी तेव्हा उपाशी राहायला पाहिजे होतं का?"

"काय बी बोलता!" आबा एकदम म्हणाले. "घरचंच हाय ते!"

"हां," नवरा म्हणाला, आणि परत चुना लावायला लागला.

मी मिरची कुटायची थांबले होते. एवढंच? मी आईला मध्ये आणलं, घसा बसेपर्यंत ओरडले, रडले, त्याचं काही नाही, आणि ह्या गृहस्थानं चड्डीवर बसून चार वाक्यं बोलली! मला त्याचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं, की मी त्याच्यासाठी त्या दिवशी मटण आणायला पैसे काढून दिले.

पण आबांनी त्या दिवशी एकच भाकरी खाल्ली. अर्धीच्या जागी एक, हे मी बघितलं. बोलले नाही. दृष्ट लागायला नको.

औषध लागू पडत गेलं तशी कोंबड्यांच्या गालांची सूज उतरत गेली. ठिपकेवालीनं डोळा उघडला. काळीची घरघर थांबली. मावशींचं दुसरं पिल्लूही गेलं, आणि एक म्हातारी कोंबडी, तिचं मला वाईट वाटलं, आबा मोरीत पडले त्या दिवशी इगतपुरीत तीच सगळ्यांत जास्त ओरडली असणार असं मी मनात धरलं होतं. पण बाकीच्या तगल्या. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, सगळ्यांना बघितलं, खूष झाल्या. अंडी मात्र अजून बंदच ठेवायला सांगितली. मग आबांना म्हणाल्या, "आजोबा, एक मात्र कायमचं लक्षात ठेवा. ह्या वाचल्या, पण हा रोग ह्यांच्या अंगात दडून राहू शकतो. ह्यांना काही होणार नाही, पण दुसऱ्या कोंबड्यांत गेल्या तर त्यांना देतील. तेव्हा ह्यांना कुठं न्यायचं नाही, कुणाला द्यायच्या नाहीत, नवीन आणायच्या नाहीत. खुडूकबिडूक सगळं बंद."

"इगतपुरीला बी नाय?" आबांनी विचारलं. "तिथं शेजारणीच्या कोंबड्या हायत."

"मग तर नाहीच नाही. ह्यांचं आता जे काही ते ह्याच परसात."

बाई गेल्या. आबा खुराड्यापाशी उभे. खुडूक बंद, हे त्यांना फार लागलं, चेहऱ्यावर दिसत होतं. ती एक गोष्ट होती, जिच्यासाठी ह्या गावात कुणीतरी त्यांच्या दारात येत होतं. मला वाईट वाटलं. पण मी संधी सोडणाऱ्यातली नाही. म्हटलं, "ऐकलंत ना? आता तुम्हाला जायचं असेल तर कोंबड्या इथं सोडून जावं लागेल. आणि आत्ताच सांगते, मी नाही बघणार त्यांचं. मला वास सहन होत नाही. ह्यांची तर शिफ्ट असते."

"म्हंजे उपाशी मारणार व्हय त्यांना?"

"अंडी देत नाहीत ना सध्या," मी म्हटलं. "मग फुकट कशाला खायला घालायचं?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते! आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुझ्या आईवर गेलीस," म्हणाले, "तोंडाळ." आणि परसाकडे वळले.

आणि मग ती सकाळ आली, कोंबडा आरवला ती. मी डोळे पुसून उठले, चूल पेटवल्यासारखा गॅस भडकवला, चहाचं आधण ठेवलं. ओट्यावर वाटी अजून पालथीच होती. बाहेर थंडी होती, खिडकीच्या काचेवर धुकं. आबांच्या चपला परसात वाजत होत्या, आधी धडधाकट कोंबड्यांकडे, मग पेरूखाली. टपरीवर जायला निघतील, म्हणून मी कान देऊन होते. पुढचं गेट वाजलं नाही. मागचं दार वाजलं. आबा आत आले, मोरीवर साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, स्वयंपाकघरात आले. त्या वाटीकडे त्यांनी बघितलंही नाही. पाट ओढून बसले, पाठ भिंतीला टेकवून. इतके दिवस त्यांना मी भिंतीला टेकलेलं बघितलं नव्हतं.

"पोरी," म्हणाले, "कालचं पिठलं हाय का गं? भाकर टाक एखादी. लय भूक लागलीय."

मी पाठमोरीच राहिले, पिठाचा डबा काढला. भाकरी थापली, कडा फाटली. तव्यावर टाकली, फुगली. त्यांच्या ताटात वाढली, पिठलं वाढलं, कांदा फोडून दिला. ते खात होते आणि मी दुसरी थापत होते, त्यांनी मागायच्या आधीच.

"पिठल्यात मीठ कमी हाय," आबा म्हणाले. "मीठ दे."